आय७-८७००के चं झाकण काढावं की नको?

खटपट्या
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप २०१८ मध्ये जुळवलेला. इंटेलचा आय७-८७००के प्रोसेसर, झेड३७० चा बोर्ड, २४० मिमीचा लिक्विड कूलर. मी त्यावर व्हिडिओ एडिटिंग करतो, उरलेला वेळ मुलाच्या गेमिंगचा. सगळे कोअर ४.८ गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज १.२८ च्या आसपास. हल्ली रेंडर लावला की तापमान ९६-९७ ला जातं, मधूनच १०० ला टेकतं आणि क्लॉक आपोआप खाली येतो. कूलरखालची थर्मल पेस्ट नवीन लावली, पंखे-जाळ्या साफ केल्या. फरक दोन-तीन अंशांचा.

यूट्यूबवर बघतोय की लोक प्रोसेसरच्या वरचं धातूचं झाकणच, म्हणजे हीट स्प्रेडर, काढतात. आत लिक्विड मेटल (पेस्टऐवजी वापरायचा पातळ धातू) लावून परत बसवतात. पंधरा-वीस अंश उतरतात म्हणे. नवीन प्रोसेसर घ्यायचा तर बोर्ड आणि रॅमही बदलणं आलं, आणि रॅमचे सध्याचे भाव बघून मी तो विषय घरात काढलेलाच नाही. वॉरंटी कधीच संपली.

हे खरंच करण्यासारखं आहे की नुसती हौस? कोणी स्वतः केलंय का? पुण्यात कोणाकडे ते टूल आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मिरचीभजी
वाचतोय. झाकण निघालं की फोटो टाका. प्रोसेसर वारला तरी टाका.

श्टुटगार्टकर
८७००के असेल तर बिनधास्त करा. तुमची चिप नेमकी त्या घराण्यातली आहे ज्याच्यासाठी हा उद्योग सुरू झाला.

२०११ च्या सँडी ब्रिजपर्यंत, म्हणजे २६००के पर्यंत, इंटेल डाय (आतली मूळ सिलिकॉनची चकती) आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर घालायची. २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज आला आणि ३७७०के मध्ये सोल्डरच्या जागी थर्मल पेस्ट आली. चिप २२ नॅनोमीटरची, वीज कमी खाणारी, तरीही ओव्हरक्लॉक केली (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवली) की २६००के पेक्षा जास्त तापायची. लोकांनी ब्लेडने झाकणं उचकटली तेव्हा आतली गंमत कळली. पुढे ४७७०के, ४७९०के, ६७००के, ७७००के आणि तुमचा ८७००के, सगळे पेस्टवालेच. ४७९०के ला २०१४ मध्ये सुधारित पेस्ट दिली होती, पण तिला सोल्डरची सर नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ९९००के आला तेव्हा कुठे सोल्डर परत आलं.

७७००के च्या वेळचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. ब्राउझर उघडला तरी तापमान उड्या मारतं म्हणून लोकांनी २०१७ मध्ये इंटेलच्या फोरमवर तक्रारी केल्या. उत्तर आलं, ओव्हरक्लॉक करू नका. अहो, जास्तीचे पैसे मोजून अनलॉक केलेली चिप घ्यायची ती कशासाठी मग?

माझा ७७००के मी उघडला होता. लोडवर अठराएक अंश उतरले. आता तो भावाकडे सोलापुरात आहे, चालू स्थितीत.

दुरुस्तीवाला
लॅमिंग्टन रोडला बाकावर बसून कामं करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. यूट्यूबवर यशस्वी झालेले दिसतात, बाकीचे माझ्याकडे येतात.

सगळ्यात जास्त केसेस ब्लेडच्या. आयव्ही ब्रिजच्या काळात ब्लेडने काम व्हायचं कारण हिरवा सबस्ट्रेट (डाय ज्यावर बसते ती पट्टी) जाड होता. ६७००के पासून तो पातळ झालाय. ब्लेड जरा खाली कललं की वरच्या थरातले ट्रेस (वीज नेणाऱ्या बारीक रेघा) कापले जातात. बाहेरून केसासारखी रेघ दिसते, बोर्डात टाकला की रॅमचा एक चॅनल गायब. ते दुरुस्त होत नाही. दुसरा प्रकार ठोकणाऱ्यांचा. व्हाइसमध्ये धरायचं, लाकडाचा ठोकळा लावायचा आणि हातोडी. २०१३ च्या सुमारास ही पद्धत फार जोरात होती. एका गिऱ्हाइकाची चिप झाकणातून सुटून भिंतीवर जाऊन आपटली होती. आणली ती रुमालात गुंडाळून.

तिसरा प्रकार लिक्विड मेटल जास्त घालणाऱ्यांचा. ते विजेचं वाहक आहे, पेस्ट नाही. जरा जास्त झालं की कडेने गोळी बाहेर येते, सॉकेटच्या पिनांत उतरते आणि प्रोसेसरबरोबर बोर्डही जातो.

टूल वापरणार असाल तर माझी हरकत नाही. ब्लेड वापरणार असाल तर आधी फोन करून या, मी दुकान बंद ठेवतो.

मिरचीभजी
रुमालात गुंडाळून =)) दंडवत घ्या.

वैदर्भी
माझा मुद्दा वेगळा आहे. हे सगळे रिव्ह्यूवाले २१-२२ अंशांच्या खोलीत बसून तापमान मोजतात. मी नागपूरला थ्रीडी रेंडरिंगचं काम करते. मे महिन्यात बाहेर ४५, कूलर लावूनही खोलीत ३५-३६. म्हणजे त्यांच्या आकड्यात सरळ १४ अंश मिळवायचे. त्यांचा ८० चा प्रोसेसर माझ्याकडे ९४ ला जातो, प्रोसेसरची काहीच चूक नसताना.

आणि कूलर म्हणजे डेझर्ट कूलर. त्याच्या तोंडासमोर कॅबिनेट ठेवायचा मोह कोणालाही होतो. ठेवू नका. दमट हवा आणि धूळ एकत्र जाऊन रेडिएटरच्या फिनांवर जो थर बसतो तो ब्रशनेसुद्धा निघत नाही.

खटपट्या, आधी सांगा, खोलीचं तापमान किती आणि कॅबिनेट कोणतं? समोर काच असलेलं असेल तर झाकण प्रोसेसरचं नाही, कॅबिनेटचं काढा.

अभियंता_अण्णा
वैदर्भी ताईंचा मुद्दा बरोबर. पण खटपट्या यांचा त्रास आतला आहे की बाहेरचा हे स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता कळू शकतं.

रेंडर लावा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग रेडिएटरला आणि नळ्यांना हात लावा. चांगलेच गरम लागले तर उष्णता पाण्यापर्यंत पोचते आहे, ती खोलीत टाकायला रेडिएटर कमी पडतोय. अशा वेळी झाकण काढून फार काही साधणार नाही. कोअर ९७ दाखवतोय आणि रेडिएटर नुसता कोमट, तर उष्णता वाटेतच अडली आहे. पंख्याखाली बसलाय पण अंगातला स्वेटर काढलेला नाही, अशातली गत. पंप चालू आहे ना हे तेवढं बघून घ्या, बंद पंपालाही रेडिएटर गारच लागतो.

दुसरी खूण: सहाही कोअरचं तापमान वेगवेगळं बघा. चार-पाच अंशांचा फरक चालतो. एखाददुसरा कोअर बाकीच्यांपेक्षा दहा-बारा अंश वर असेल तर आतली पेस्ट तिथे सुकली किंवा सरकली आहे.

आता हिशेब. ८७००के ची डाय साधारण १५० चौरस मिमीची. लोडवर १५० वॅट धरले तर दर चौरस मिमीला एक वॅट. पेस्टची उष्णतावाहकता ५ वॅट प्रति मीटर केल्विन धरू, थर ०.१ मिमी. उष्णतेला जाडीने गुणा, वाहकतेने भागा. २० अंश. त्या एका पातळ थरात! थर निम्मा केला तर १०. लिक्विड मेटल घातलं, अगदी हात राखून वाहकता ५० धरली आणि थर ०.०५ मिमी, तर १ अंश.

यात एक गोष्ट बघा. नुसती जाडी निम्मी केली तरी १० अंश वाचतात. आयव्ही ब्रिजमध्ये लोकांना हेच आढळलं होतं. पेस्टच्या नावाने बोटं मोडणं चालू होतं, पण खरा चोर होता झाकणाच्या कडेचा काळा सिलिकॉन गोंद. त्याच्या जाडीमुळे झाकण डायवर नीट टेकतच नव्हतं आणि पेस्टचा थर जाड राहत होता. गोंद खरवडून नेहमीची चांगली पेस्ट लावली तरी बरेच अंश उतरायचे. लिक्विड मेटलची भीती वाटत असेल त्यांनी हे लक्षात ठेवा.

श्टुटगार्टकर
अण्णा, +१००. गोंदाची गोष्ट लिहायची राहूनच गेली होती.

जुना_जाणता
तुम्ही झाकण काढायला निघालात, आम्ही झाकण नसलेल्या काळातले. कॉपरमाइन पेंटियम ३ आणि सॉकेट ए चे एएमडी, सगळ्यांची डाय उघडी. हीटसिंकची क्लिप लावायला स्क्रू-ड्रायव्हरने जीव खाऊन दाबायचं. एएमडीच्या चिपला चार कोपऱ्यांत चार गोल रबरी पॅड असायचे, तरी हात वाकडा पडला की डायचा कोपरा उडायचा. टवका उडालेले ड्युरॉन तेव्हा बाजारात 'चालू आहे, बघून घ्या' म्हणून मिळत. आणि एएमडीच्याच थंडरबर्डवरून हीटसिंक निघालं तर काही सेकंदांत धूर. पेंटियम ४ आला तो झाकण घालून, आणि तापला की स्वतःहून हळू व्हायचा. तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो.

ओव्हरक्लॉकिंगला मात्र तेव्हा पैसे लागत नसत. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्या. बसचा (चिप आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर, की झाला ४५० चा. पुढे थंडरबर्ड आणि ड्युरॉनचा मल्टिप्लायर (बसच्या वेगाला ज्याने गुणून चिपचा वेग ठरतो तो आकडा) उघडायला पेन्सिल पुरायची. चिपवर एल१ नावाचे कापलेले पूल होते, शिसाने ते जोडायचे. ग्रॅफाइट वाहक, झालं काम. नको असेल तर खोडरबर.

मिरचीभजी
काका, पेन्सिल कोणती, एचबी की टूबी?

जुना_जाणता
मऊ असेल ती. पोराच्या कंपासमधली.

गोंयकार
थोडं अवांतर. माझ्याकडे रायझेन ९ ७९५०एक्स आहे, दाबला की ९५ वर जाऊन बसतो. ३६० चा कूलर आहे. झाकण काढलं तर माझेही वीस अंश उतरतील का? पणजीत दमट हवेत लिक्विड मेटलला काही होतं का?

श्टुटगार्टकर
गोंयकार, तुमच्याकडे ९५ म्हणजे आजार नाही. रायझेन ७००० मालिका ९५ अंशांपर्यंत क्लॉक वाढवत राहील अशीच बनवली आहे. कूलर चांगला लावला तर तापमान तेवढंच दिसतं, क्लॉक वाढतो.

आता झाकणाबद्दल. एएम५ या नव्या सॉकेटवर जुन्या एएम४ चे कूलर बसावेत म्हणून एएमडीने उंची तीच ठेवली, आणि त्यापायी झाकण चांगलंच जाड झालं. २०२२ मध्ये नावाजलेला ओव्हरक्लॉकर रोमान हार्टुंग, म्हणजे डेरबाउअर, याने ७९००एक्स चं झाकण काढून कूलर थेट डायवर बसवला तेव्हा वीसेक अंश उतरले होते. पण तुमच्या चिपमध्ये आत पेस्ट नाही, इंडियमचं सोल्डर आहे. ते १५७ अंशांच्या आसपास वितळतं. एकतर झाकण मागेपुढे हलवत हलवत सोल्डरला थकवायचं, नाहीतर तापवायचं. लोकांनी कपड्यांच्या इस्त्रीवर तापवलेत. त्यात झाकणाला आठ पाय, पायांच्या मधल्या खाचांत कपॅसिटर. एक उडाला की संपलं.

अभियंता_अण्णा
इथे मी श्टुटगार्टकरांशी थोडा असहमत आहे, ते वीस अंश नक्की कशाने उतरले यावर. इंडियमची वाहकता ८० च्या घरात. वरचाच हिशेब लावा, थर ०.३ मिमी धरला तरी ४ अंशांच्या आत. म्हणजे सोल्डर काढून लिक्विड मेटल घातलं आणि तेच झाकण परत लावलं तर दोन-तीन अंशांपलीकडे हाती काय लागणार? वीस अंश उतरले ते ते जाड झाकण आणि त्याच्यावरचा पेस्टचा दुसरा थर, दोन्ही वाटेतून गेल्यामुळे. म्हणजे सोल्डरवाल्या चिपांना डायरेक्ट डाय करणार असाल तरच अर्थ आहे. आणि डायरेक्ट डाय म्हणजे नवी फ्रेम, कूलरची उंची पुन्हा जुळवणं, दाब मोजूनमापून देणं.

श्टुटगार्टकर
हिशेब मान्य, पण प्रत्यक्षात सोल्डर एकसारखं बसलेलं नसतं. ९९००के च्या वेळी सोल्डर असूनही लिक्विड मेटलने दोन-तीन अंशांपेक्षा बराच जास्त फरक दिसला होता. त्या चिपची डायसुद्धा आधीच्यांपेक्षा जाड होती. काहींनी ती चक्क घासून पातळ केली आणि आणखी काही अंश मिळवले. १०९००के मध्ये मग इंटेलनेच डाय पातळ करून दिली.

दुरुस्तीवाला
डाय घासणारे पण आहेत, बरोबर. पॉलिश पेपरवर सिलिकॉन. माझ्या माहितीत मुंबईत असं कोणी केलेलं नाही, आणि केलं असेल तर कृपया सांगू नका.

वैदर्भी
गोंयकार, हे सगळं सोडा. बायोसमध्ये जाऊन इको मोड १०५ वॅटचा लावा, हवं तर कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज थोडं खाली घ्या. माझ्याकडे हाच प्रोसेसर आहे. रेंडरचा वेळ किंचित वाढला, पंख्यांचा आवाज निम्मा झाला, विजेचं बिलही सुधारलं. दहा मिनिटांचं काम, आणि इस्त्रीला हात लावावा लागत नाही.

गोंयकार
देव बरें करूं, ताई. हेच करतो. दमट हवेचं कोणी सांगितलं नाही पण.

अभियंता_अण्णा
दमटपणापेक्षा धातू कोणता ते बघा. लिक्विड मेटल म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण. गॅलियम ॲल्युमिनियमला खातं, तेही वरवर नाही. कणांच्या सीमांतून आत शिरतं आणि धातू हाताने मोडेल इतका ठिसूळ होतो. तेव्हा ॲल्युमिनियमचा तळ असलेल्या कूलरला नाव काढू नका. उघड्या तांब्यात ते हळूहळू मुरतं, करडा डाग पडतो, थर सुकतो, परत लावावं लागतं. निकेलचा मुलामा असेल तर सगळ्यात बरं. इंटेलच्या झाकणाला आतून निकेल असतंच.

पिंपळपान
माझ्याकडे १३ व्या पिढीचा आय९ आहे आणि गेम मधेच बंद पडतात. झाकण काढून तापमान उतरवलं तर थांबेल का?

श्टुटगार्टकर
नाही! हात लावू नका. १३ व्या आणि १४ व्या पिढीचा तो त्रास वेगळा, चिपला जास्त व्होल्टेज मिळून ती आतून खराब होत होती. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने त्यावर मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांच्या सुधारणा) दिले आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधी बायोस अपडेट करा. तरीही बंद पडत असेल तर चिप बदलून मागा. झाकण उघडलंत तर त्या वॉरंटीवर पाणी.

त्या पिढ्यांच्या सॉकेटला दुसरंही एक दुखणं आहे. एलजीए१७०० ची पकड लांबट प्रोसेसरला मधोमध दाबते, झाकण किंचित वाकतं आणि कूलर सपाट बसत नाही. कॉन्टॅक्ट फ्रेम लावली की काही अंश मिळतात, झाकण न काढता. पण तेही चिप बदलून मिळाल्यावर.

खटपट्या
मंडळी, धन्यवाद. अण्णांनी सांगितलं तसं करून बघितलं. खोलीत २९ अंश. कॅबिनेटला समोर जाळी आहे, काच नाही (वैदर्भी ताई, तेवढा शहाणा आहे). रेंडरला वीस मिनिटं झाल्यावर रेडिएटर कोमट, दोन्ही नळ्या कोमट, पंपाचे फेरे बायोसमध्ये व्यवस्थित. आणि दोन कोअर बाकीच्यांपेक्षा ११-१२ अंश वर. म्हणजे आतलंच दुखणं ना?

अभियंता_अण्णा
आतलंच.

कोथरूडकर
टूल माझ्याकडे आहे, २०१८ मध्ये मित्रांत वर्गणी काढून मागवलं होतं. तेव्हापासून ते हातोहात फिरतंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. लिक्विड मेटलची अर्धी सिरिंजही आहे. मात्र काम माझ्या टेबलावर, माझ्यासमोर करायचं.

दुरुस्तीवाला
दोन गोष्टी लक्षात ठेवा. उघडायच्या आधी झाकण कोणत्या दिशेला आहे त्याची खूण करा. आणि शेवटी सॉकेटचा खटका लावताना झाकणावर बोट ठेवा, खटका ते पुढे सरकवतो.

मिरचीभजी
कोथरूडकर, चहा कोणाकडून?

कोथरूडकर
एक ते चार आमच्याकडे काहीच नाही. चारनंतर बघू.

खटपट्या
झालं! शनिवारी कोथरूडकरांकडे उरकलं. सविस्तर लिहितो, कारण शोधताना मला मराठीत एका जागी हे मिळालं नव्हतं.

टूल म्हणजे ॲल्युमिनियमची चौकट. त्यात प्रोसेसर ठेवायचा आणि एका बाजूने ॲलन की फिरवायची. सुरुवातीला काहीच होत नाही, नुसती की जड होत जाते. मग 'टक्' असा आवाज आला. मला वाटलं गेला. कोथरूडकर शांतपणे म्हणाले, अजून अर्धा फेरा. झाकण दोनेक मिमी सरकलं होतं, हाताने उचललं. आतली पेस्ट राखाडी, कडक, बोटाने चोळल्यावर पापुद्रे सुटत होते. एका कोपऱ्याकडे तर डाय जवळजवळ कोरडी दिसत होती, ते दोन गरम कोअर बहुधा तिथलेच.

काळा गोंद जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडला. सगळ्यात जास्त वेळ यात गेला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. डायच्या शेजारी बारीक सोनेरी कॉन्टॅक्ट उघडे असतात, त्यांच्यावर नेलपॉलिश लावून वाळू दिलं. (४७७०के सारख्या हॅसवेल चिपांना डायला लागून कंपोनंटची रांगच असते, त्यांना तर हे हवंच, असं कोथरूडकर म्हणाले.) लिक्विड मेटलचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. आधी तो चिकटतच नाही, गोळी होऊन पळतो. कापसाच्या काडीने चोळत राहिलं की एका क्षणी पसरतो आणि डाय आरशासारखी होते. झाकणाच्या आतल्या बाजूलाही डायपुरत्या भागात तसंच. चार कोपऱ्यांना काळ्या सिलिकॉनचे फक्त चार ठिपके, पूर्ण कड नाही. झाकणावर बोट ठेवून खटका लावला, रात्रभर तसंच ठेवलं.

आकडे: तोच रेंडर, खोली २९, क्लॉक ४.८, व्होल्टेज तेच. आधी ९७, आता ७९. कोअरमधला फरक चार अंश. एकूण वीजही किंचित कमी दाखवतंय.

वैदर्भी
वा! अभिनंदन. नेलपॉलिश कोणत्या रंगाचं ते लिहिलं नाहीत.

खटपट्या
लाल. घरात तेवढंच होतं, आणि आता ते 'कुठे गेलं' विचारलं जातंय.

अभियंता_अण्णा
१८ अंश, छान. वीज कमी दिसते ती खरीच. चिप थंड असली की लीकेज (नुसतीच गळून जाणारी वीज) कमी होतं. आता ५ वर चढवलंत की नाही?

खटपट्या
चढवलं ना. ५.० ला १.३६ व्होल्ट दिले तेव्हा कुठे स्थिर झाला, तापमान ८८. ५.१ ला १.४२ देऊनही रेंडर मधेच पडतो, आणि तेव्हा तापमान ९२ होतं. म्हणजे अडचण तापमानाची नाही.

श्टुटगार्टकर
मग तुमच्या चिपचं नशीबच तेवढं. थंड केल्याने तिला लागणारं व्होल्टेज फारसं बदलत नाही. काही ८७००के १.३० च्या आत ५.० करतात, तुमचा त्यातला नाही. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, तेव्हा शेवटच्या शंभर-दोनशे मेगाहर्ट्झसाठी एवढं व्होल्टेज रोज देण्यात मला अर्थ दिसत नाही. अमेरिकेत सिलिकॉन लॉटरी नावाचं दुकान होतं, चिपा तपासून, झाकण काढून, 'ही इतकी जाते' अशी हमी देऊन विकायचे. २०२१ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. कंपन्याच आता चिपांना कारखान्यातून इतकं ताणून पाठवतात की विकायला उरलंच नाही काही.

खटपट्या
४.८ वरच ठेवतोय, उलट व्होल्टेज १.२६ पर्यंत खाली आणलं. आता पंख्यांचा आवाज पलीकडच्या खोलीत येत नाही. मुलाच्या मते गेममध्ये काहीही फरक पडलेला नाही.

जुना_जाणता
मुलगा खरं बोलतो.

मिरचीभजी
म्हणजे धूर नाही, स्फोट नाही. धाग्याने माझी घोर निराशा केली आहे.

सांजवात
उशिरा आले. माझ्याकडे जुना जाड प्लेस्टेशन ३ आहे, पाच मिनिटांत विमानासारखा आवाज करतो. त्याच्यातही असंच झाकण असतं ना? कोथरूडकरांचं टूल चालेल का?

दुरुस्तीवाला
असतं, दोन चिपांवर, सेल आणि आरएसएक्स. आत पेस्टच आहे आणि आता ती पार वाळलेली असणार. पण टूल चालणार नाही, त्या चिपा बोर्डाला सोल्डर केलेल्या आहेत, सॉकेटातून निघत नाहीत. तिथे पातळ पट्टीनेच, बोर्डावर ठेवूनच करावं लागतं, आणि आरएसएक्सच्या झाकणाखाली डायच्या बाजूला मेमरीच्या चिपा आहेत, पट्टी खोल गेली की त्या जातात. घरी करू नका. आधी उघडून नुसती धूळ काढा आणि झाकणावरची पेस्ट बदला, बरेचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर घेऊन या. रविवारी बंद असतो.

सांजवात
मुंबईत आल्यावर आणते. धूळ काढायला ब्लोअर चालेल की व्हॅक्यूम क्लीनर?

दुरुस्तीवाला
ब्लोअर. पण पंख्याला बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका.